युद्ध थांबणार की नाही, हे ओळखायचं कसं?

पश्चिम आशियात युद्ध भडकलं की मोबाईलवर आधी ‘युद्धविराम’ येतं आणि तासाभरात ‘पुन्हा हल्ले’. मग विश्वास कशावर ठेवायचा? त्यासाठी आज दोन जुन्या गोष्टी.

पहिली, १९७३ ची. ६ ऑक्टोबरला इजिप्त आणि सीरियाने इस्रायलच्या ताब्यातल्या सिनाई आणि गोलानवर एकाच वेळी हल्ला केला. २२ तारखेला युनोने युद्धविरामाचा ठराव केला, तरी लढाई चालूच. सुएझजवळ इजिप्तची तिसरी आर्मी वेढ्यात अडकली. २५ तारखेला तर अमेरिकेने अण्वस्त्रदलांसकट आपल्या सैन्याला सज्ज राहायला सांगितलं. म्हणजे परिस्थिती किती हाताबाहेर गेली होती बघा.

आणि तीनच दिवसांनी, कैरो-सुएझ रस्त्यावर १०१ व्या किलोमीटरला, इजिप्तचे जनरल गमासी आणि इस्रायलचे जनरल यारिव समोरासमोर बसले. शांततेवर भाषणं नाहीत. वेढलेल्या सैनिकांपर्यंत पाणी कसं पोचवायचं, जखमींना बाहेर कसं काढायचं, युद्धकैदी कधी सोडायचे, एवढंच. ११ नोव्हेंबरला सहा कलमांवर सह्या झाल्या. जानेवारीत फौजा मागे घ्यायचं ठरलं, मध्ये युनोचं दल आलं. पुढे १९७९ मध्ये शांतता करार झाला. इजिप्तने इस्रायलला मान्यता दिली आणि १९८२ पर्यंत जवळजवळ सगळं सिनाई परत मिळवलं. १९८१ मध्ये सादात यांची हत्या झाली, तरी करार टिकला.

दुसरी गोष्ट लेबनॉनची. २००६ मध्ये ३४ दिवसांचं युद्ध १७०१ क्रमांकाच्या ठरावाने थांबलं. ठरलं असं, की सीमेपासून लितानी नदीपर्यंत लेबनॉनचं सैन्य आणि युनोचं दल सोडून कुणाकडे शस्त्रं नकोत. कागद उत्तम! पण हिजबुल्लाची शस्त्रं तिथेच राहिली, इस्रायलची विमानंही लेबनॉनवर घिरट्या घालत राहिली. युनोच्या त्या दलात आपले भारतीय जवानही होते, पण कुणाची शस्त्रं हिसकावून घेणं त्यांच्या हातात नव्हतं. २०२३-२४ मध्ये पुन्हा युद्ध. २७ नोव्हेंबर २०२४ ला युद्धविराम झाला, तोही त्याच ठरावाच्या आधारावर.

फरक कुठे पडला? सिनाईत दोघांनाही काहीतरी मिळालं, आणि मिळालेलं गमवायची भीती दोघांनाही होती. लेबनॉनमध्ये फक्त गोळीबार थांबला, भांडणाचं मूळ तसंच राहिलं.

अर्थात सिनाईची शांतताही अपुरीच होती. पॅलेस्टिनी लोकांचा प्रश्न त्यात बाजूला पडला, आणि त्याची किंमत माणसं आजही मोजतायत.

म्हणून पुढची ब्रेकिंग न्यूज आली की नेत्यांची वाक्यं जरा बाजूला ठेवा. पाणी-औषधांचे ट्रक आत जातायत का? कैदी सुटतायत का? देखरेख कोण करतंय, आणि करार मोडला तर कुणाचं काय जाणार? याची उत्तरं मिळत असतील तर थोडी आशा धरायला हरकत नाही.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!