माजी सैनिकाचे बिल कुठे अडते?

माझे अब्बा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. माजी सैनिकांसाठी २००३ साली ईसीएचएस ही अंशदायी आरोग्य योजना सुरू झाली. आधी पॉलिक्लिनिक, तिथून रेफरल, मग यादीवरचे खासगी रुग्णालय. बिल सरकार भरते. पण बिले थकली की रुग्णालये कॅशलेस उपचार नाकारतात. गेल्या वर्षी हातात रेफरल असूनही अब्बांना एका काउंटरवरून परत पाठवले.

मी सॉफ्टवेअरवाला. मला वाटायचे, चांगली यंत्रणा केली की प्रश्न सुटेल. कार्ड स्मार्ट झाले, बिले ऑनलाइन झाली, थकबाकी राहिलीच. खरी सुधारणा तिथेच हवी: बिल मुदतीत चुकते व्हावे, उशीर झाल्यास व्याज मिळावे.

अब्बांनी आपला वाटा निवृत्तीच्या वेळीच एकरकमी भरला. सरकारनेही आपला वेळेवर भरावा.