संकेतांक बदलताना



सरकारी दप्तरांत राज्ये, जिल्हे आणि गावे नावांपेक्षा संकेतांकांनीच अधिक ओळखली जातात. एका खात्याचा अंक दुसऱ्या खात्यास उमगावा म्हणून दोहोंचा मेळ घालणारे कोष्टक ठेवावे लागते. प्रदेशाच्या सीमा बदलल्या की तेही बदलावे लागते. ते कसे बदलावे, याचा आज थोडा विचार करू.

हैदराबादेस हा प्रश्न जुनाच आहे. निजामी अमदानीत फसली सन चाले. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये त्यात ५९० मिळवले की इसवी सन येई. जानेवारीपासून पुढे ५९१ मिळवावे लागत. १९४९ चा जहागिरी रद्द करणारा कायदा १३५८ फसलीचा म्हणून नोंदला आहे. तारीख ठाऊक नसेल, तर हा मेळ चुकतो.

२ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य निराळे झाले. पुढे वस्तू व सेवा करासाठी तेलंगणास ३६, नव्या आंध्रास ३७ हे अंक मिळाले. २८ हा अविभाजित आंध्राकडेच राहिला. स्थानिक शासनाच्या निर्देशिकेत मात्र आजच्या आंध्राचा अंक २८ च आहे. अंक एकच, अर्थ दप्तरागणिक वेगळा!

जिल्ह्यांची गोष्ट याहून अवघड आहे. २०१६ मध्ये तेलंगणातील १० जिल्ह्यांचे ३१ झाले आणि २०१९ मध्ये ३३. जुन्या रंगारेड्डी जिल्ह्यातून विकाराबाद व मेडचल-मल्काजगिरी वेगळे निघाले. मल्काजगिरीत २०१० साली जन्मलेल्या मुलाच्या जन्मदाखल्यावर रंगारेड्डी, तर आजच्या रहिवासी दाखल्यावर मेडचल-मल्काजगिरी असणार. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. परंतु कोष्टकात जुन्यासमोर एकच नवा जिल्हा लिहिला असेल, तर कारकून एक दाखला खोटा ठरवील आणि त्या मुलाची शिष्यवृत्ती अडून राहील. आम्हा शिक्षकांना ही धास्ती नेहमीच वाटते.

यास्तव जुनी ओळ खोडू नये; ती कोणत्या दिवसापर्यंत लागू होती ते लिहावे आणि नवी ओळ तिच्या आरंभदिनासह जोडावी. रद्द झालेला अंक दुसऱ्यास देऊ नये. एकाचे अनेक झाले असतील, तेथे गाव पाहूनच निर्णय करावा व तो जाणत्या माणसाने तपासावा. बदल अमलात येण्यापूर्वी तो वापरणाऱ्या सर्व कार्यालयांस कळवावा. हे काम कंटाळवाणे खरे. पण ते नीट झाले, तर सरकारने आखलेल्या रेषेपायी कोणा पालकास आपले मूल कोठे जन्मले हे पुन्हा सिद्ध करीत फिरावे लागणार नाही.