महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर
(मंडळाच्या विद्यार्थी-गुणगौरव समारंभातील भाषण)



बदलीच्या नोकरीत आपण मुलांची शाळा बदलतो; अभ्यासक्रम सहसा बदलत नाही. १९६३ पासून केंद्रीय विद्यालयांनी ही सोय केली आहे. जोरहाटहून जबलपूरला आलेल्या मुलाच्या हाती पुस्तके तीच असतात. महाविद्यालयात ही सोय संपते. प्रत्येक विद्यापीठाचे विषय निराळे, नियम निराळे. २०२१ पासून श्रेयांक-पेढीमुळे मिळविलेले श्रेयांक दुसरीकडे नेता येऊ लागले. तथापि तेथे आधी प्रवेश मिळावा लागतो. म्हणून पालकांना माझी विनंती आहे की, बदलीचा हुकूम आला तर बिऱ्हाड हलवा, मुलाचे महाविद्यालय हलवू नका. त्याला वसतिगृहात राहू द्या.

मित्रांनो, तेथे सकाळी हाक मारून उठविणारे कोणी नसेल. खानावळीचा हिशेब तुमचा आणि वेळही तुमचाच. पहिल्या सहामाहीत गुण घसरले तर खचू नका, प्राध्यापकांना भेटा. कोणी छळले तर गप्प बसू नका. रॅगिंगविरुद्ध विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे विनियम तुमच्या पाठीशी आहेत.

आणि पालकहो, ‘मी नापास झालो’ हे वाक्य मुलाला न भिता उच्चारता येईल, असे आपले घर असावे. मंडळानेही येथे शिकावयास आलेल्या मराठी मुलांना रविवारी घरोघरी जेवावयास बोलवावे. वरणभाताच्या पानावर बसले की मनात दडविलेले पुष्कळ काही ओठांवर येते.