सही करताना हात थांबतो तेव्हा

(निवेदन देण्यासाठी पुण्यात आलेल्या कापूस व ज्वारी उत्पादक कार्यकर्त्यांची नारायण पेठेत बैठक झाली. तीत झालेले हे भाषण जिल्हा बैठकांत वाचण्यासाठी देत आहोत.)



सकाळी कृषी आयुक्तालयात निवेदन दिले. शिक्का मारलेली पोच मिळाली, ती जपून ठेवली आहे. अशा पोचांची माझ्याकडे एक पिशवी भरली आहे. दुपारी वेळ होता म्हणून आपण जवळच्या केसरीवाड्यात जाऊन आलो. तुमच्यापैकी अनेकांनी चपला काढून लोकमान्यांना हात जोडले. ते रास्तच झाले. पण त्या वाड्यात राहून गेलेल्या आणखी एका माणसाची गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

हा वाडा लोकमान्यांनी १९०५ साली बडोद्याच्या गायकवाडांकडून घेतला, म्हणून त्याचे जुने नाव गायकवाडवाडा. याच सयाजीराव गायकवाडांच्या अध्यक्षतेखाली मार्च १९१८ मध्ये मुंबईला अस्पृश्यता निवारण परिषद भरली. ती विठ्ठल रामजी शिंदे यांनी घडवून आणली होती. लोकमान्य तिथे आले. अस्पृश्यता देवाला चालत असेल तर अशा देवाला मी देव मानणार नाही, या अर्थाचे ते बोलले. मग एक जाहीरनामा सह्यांसाठी फिरला. मी माझ्या स्वतःच्या वागण्यात अस्पृश्यता पाळणार नाही, अशी प्रतिज्ञा त्यात होती. त्या कागदावर लोकमान्यांनी सही केली नाही.

त्यांना लहान दाखवण्यासाठी मी हे सांगत नाही. १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा घेऊन मंडालेला गेलेला माणूस भित्रा नसतो. पण सरकारपुढे उभे राहायला एक बळ लागते आणि आपल्याच घरातल्या, आळीतल्या, जातीतल्या माणसांपुढे उभे राहायला दुसरे बळ लागते. पहिले असले म्हणजे दुसरे असतेच असे नाही. भाषण करताना हात थरथरत नाही. सही करताना तो थांबतो. आपली सदसद्विवेकबुद्धी खरी बोलते ती त्या वेळी.

लोकमान्यांचे धाकटे चिरंजीव श्रीधरपंत. लोकमान्य १९२० साली गेले आणि पुढच्या सातआठ वर्षांत महाराष्ट्र ढवळून निघाला. मार्च १९२७ मध्ये महाडचा सत्याग्रह झाला, डिसेंबरात मनुस्मृती जाळली गेली. पुण्यातल्या पुष्कळ शहाण्यांनी या काळात खिडक्या लावून घेतल्या. श्रीधरपंतांनी दार उघडले. गणेशोत्सवात अस्पृश्य मुलांचा मेळा त्यांनी वाड्यात आणला. एप्रिल १९२८ मध्ये समाज समता संघाची शाखा त्यांनी याच वाड्यात काढली, बाबासाहेब आंबेडकरांना बोलावले, सर्वांना एका पंगतीला बसवले. चातुर्वर्ण्य विध्वंसक समिती असा फलक त्यांनी वाड्यावर लावला. वडिलांनी जी सही केली नाही, ती मुलाने घराच्या भिंतीवर केली, असे मी म्हणतो.

आता पुढचे सांगणे जड आहे, पण सांगितले पाहिजे. वाड्याच्या आणि केसरीच्या मालकीवरून वाद होते, कोर्टकचेऱ्या होत्या. आपले म्हणवणारे दूर गेले होते. २५ मे १९२८ रोजी, तिशी नुकती ओलांडलेल्या श्रीधरपंतांनी स्वतःचे आयुष्य संपवले. जाण्यापूर्वी त्यांनी बाबासाहेबांना पत्र लिहिले. पुढे बाबासाहेबांनी लिहिले त्याचा आशय असा, की लोकमान्य ही पदवी खरी शोभली असती ती श्रीधरपंतांना.

या माणसाच्या जगण्याला माझा नमस्कार आहे. त्यांच्या मरण्याला मी नमस्कार करणार नाही, आणि इथे कुणी करू नये. आपल्या कापसाच्या पट्ट्यात किती घरांतली भिंत हार घातलेल्या फोटोने भरली, ते तुम्हाला मी सांगायला नको. आतला आवाज माणसाला जग म्हणतो. खरे वागून जग म्हणतो. मर म्हणणारा आवाज एकटेपणाचा असतो आणि कर्जाचा असतो. त्या आवाजाला उत्तर द्यायला दुसरा माणूस लागतो. श्रीधरपंतांकडे धैर्य होते. रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन बसणारी चार माणसे होती का, एवढाच प्रश्न माझ्या मनात राहतो.

दुसऱ्याचे सांगितले, आता माझे सांगतो. मी कृषी पदवीधर. शेतकऱ्यांत येण्याआधी नोकरीत होतो. कुठे, ते महत्त्वाचे नाही. एका खरिपात कपाशीच्या एका संकरित वाणाची प्रात्यक्षिके माझ्याकडे होती. दहा शेतकऱ्यांचे प्लॉट. त्यांतल्या तिघांच्या विहिरींना पाणी होते, जमीन भारी काळी. त्यांना एकरी नऊदहा क्विंटल झाला. बाकी सात जण मुरमाड, हलक्या रानातले. त्यांना तीन, साडेतीन. अहवालात दहांची सरासरी काढली आणि खाली लिहिले, कोरडवाहूस योग्य. सही माझी.

सही करताना हात थांबला होता. वाण उशिरा येणारा, हलक्या रानात सप्टेंबरात पाऊस उघडला की बोंडे भरायच्या वेळी ओल संपणार, हे मला पुस्तकातूनही ठाऊक होते आणि डोळ्यांनीही दिसले होते. पण वरून घाई होती, बढतीची यादी निघायची होती. केली सही.

पुढच्या वर्षी पाऊस सप्टेंबरच्या मध्यालाच गेला. एक म्हातारे शेतकरी त्या अहवालाची घडी खिशात घालून आले. ओरडले नाहीत. कागद उलगडला, बोट ठेवले आणि विचारले, "साहेब, ही सही तुमचीच ना?" मी हो म्हणालो. त्यांनी कागदाची परत घडी घातली आणि गेले.

त्याच दिवशी राजीनामा दिला, असे सांगायला मला आवडले असते. तसे झाले नाही. घराचे हप्ते होते, मुलगी शाळेत होती. मी आणखी दोन वर्षे त्याच खुर्चीत बसलो. मात्र पुढच्या अहवालात ओलिताचा आकडा वेगळा आणि कोरडवाहूचा वेगळा असे दोन रकाने पाडले. तेवढ्यावरून कुरबूर झाली, लांबची बदली झाली. एक वडीलधारे सहकारी मात्र रोज डबा घेऊन माझ्या टेबलाशी येऊन बसत. ते माझ्या बाजूने काही बोलले नाहीत, नुसते जेवायला बसत. त्या डब्याच्या आधाराने मी टिकलो आणि मगच नोकरी सोडून तुमच्यात आलो.

भावांनो, सह्या फक्त साहेबांच्याच नसतात. तुमच्याही रोज होतात. डिसेंबरात कपाशीची वेचणी झाली की पाणी देऊन फरदड ठेवायची की पऱ्हाट्या उपटायच्या? ठेवली तर माझे दोन क्विंटल वाढतात, पण गुलाबी बोंडअळी त्यात पोसली जाते आणि पुढच्या हंगामात बांध ओलांडून शेजाऱ्याकडे जाते. २०१७ साली या अळीने आणि फवारणीने काय केले, ते यवतमाळच्या माणसांना विचारा. फरदड ठेवणे ही माझी सही आहे, आणि तिची किंमत शेजारी मोजतो.

सातबारा घ्या. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन झाले. पुढे १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम आला. ज्या गावात शंभर घरांनी जमिनीचा काही भाग बाईच्या नावे केला, ते लक्ष्मीमुक्तीचे गाव. यात मला मोठे शहाणपण दिसते. एकट्या माणसाने बायकोच्या नावे दोन एकर केले असते तर पारावर त्याची टिंगल झाली असती, भावकी उठली असती. शंभर जण एकदम चावडीवर गेले, मग टिंगल करायला उरले कोण? आतला आवाज प्रत्येकाला एकट्यालाच ऐकू येतो. त्याच्यामागे जायला सोबत लागते.

आणि राजकारण. निवडणूक आली की आपल्यातलेच कुणी या पक्षात जातात, कुणी त्या. काल ज्याच्या पुतळ्याला जोडे मारले त्याच्या शेजारी आज खुर्ची. माणसाचे मत बदलू शकते, तो गुन्हा नाही. पण बदल खरा की सोयीचा, याची एक साधी परीक्षा आहे. जे कारण मी तालुक्याच्या नेत्याला सांगितले, तेच कारण मला माझ्या गावच्या पारावर, ज्वारीच्या खळ्यावर, घरात बायकोपुढे सांगता येते का? येत असेल तर खुशाल जा. जीभ अडखळली तर थांबा. ही परीक्षा मलाही लागू आहे.

म्हणून परत गेल्यावर जिल्ह्याच्या बैठकीत नुसते ठराव करू नका. ठरावाला टाळी पुरते. प्रत्येकाने एक सही ठरवून यावे. कुणी फरदड काढण्याची, कुणी सातबाऱ्याची, कुणी तहसीलमध्ये पंचनाम्याचा खोटा आकडा नाकारण्याची. आणि प्रत्येक गावाने एक जास्तीचे काम घ्यावे. ज्याने अशी सही केली आणि त्यापायी जो एकटा पडला, किंवा कर्जापायी ज्याचे बैठकीला येणे बंद झाले, त्याच्या घरी या आठवड्यात दोघांनी जायचे. उपदेश करायचा नाही, पैशाचे विचारून लाजवायचे नाही. भाकरी बांधून न्या आणि त्याच्यासोबत बसून खा.

निवेदनाची पोच सरकार देते. या दोन कामांची पोच कुणी देणार नाही. ती ज्याची त्याने रात्री अंथरुणावर पडल्यावर स्वतःकडून घ्यायची आहे.

जय किसान.