एकरूप मासे आणि आपले जलाशय



‘क्लोन’ हा शब्द नवा वाटला, तरी त्यामागील गोष्ट प्रवराकाठच्या शेतकऱ्याला परिचित आहे. ‘को ८६०३२’ उसाची टिपरी तो सरीत दाबतो, तेव्हा उगवणारा ऊस मूळ उसाचीच आनुवंशिक प्रत असतो. माशांचे तसे नाही. एकाच रोहूच्या पोटची भावंडेही परस्परांहून भिन्न असतात.

ही भिन्नता संशोधकाला अडचणीची ठरते. दोन टाक्यांतील माशांना दोन प्रकारचे खाद्य दिले आणि एका टाकीतील मासे अधिक वाढले, तर श्रेय खाद्याचे की वंशाचे? सारे मासे एकाच आनुवंशिक घडणीचे असतील, तर वंशाची शंका मिटते.

असे मासे १९८१ साली अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी सिद्ध केले. अतिनील किरणांनी शुक्राणूतील आनुवंशिक द्रव्य निकामी करून त्याच्याकडून अंड्याला केवळ चालना द्यायची. मग उष्णतेच्या किंवा दाबाच्या धक्क्याने अंड्यातील गुणसूत्रे दुप्पट करायची. त्यातून वाढलेल्या मादीच्या अंड्यांवर हीच क्रिया पुन्हा केली की सर्व पिल्ले एकरूप होतात. त्यांचा झेब्रा मासा मूळचा आपल्याच उपखंडातील ओढ्यांचा. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या माशांवरील ग्रंथात १८२२ मध्ये त्याचे वर्णन केले होते.

प्रयोगशाळेतील हा गुण तळ्यात मात्र संकट ठरू शकतो. सर्वांची घडण एक, म्हणून सर्वांचे दौर्बल्यही एक; एखाद्या रोगाने सारेच मासे दगावू शकतात. मत्स्यबीज केंद्रात वर्षानुवर्षे मोजक्याच नर-माद्यांपासून बीज घेतले, तर नकळत त्याच दिशेने वाटचाल होते.

भुवनेश्वरच्या केंद्रीय संस्थेने नॉर्वेच्या सहकार्याने १९९२ पासून वेगळा मार्ग धरला. गंगा, यमुना, ब्रह्मपुत्रा, सतलज, गोमती अशा नद्यांतील रोहू एकत्र आणून निवड केली. स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, १९९७ मध्ये, ‘जयंती रोहू’ देशाला मिळाला. प्रथम वैविध्याचा संचय आणि नंतर निवड, हा त्याचा क्रम होता.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या पद्मश्री राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांचे वैविध्य जपले. मुळा धरण, भंडारदरा व नाथसागराच्या काठच्या मत्स्यसंस्थांनी हीच दृष्टी पाण्यात आणावी. बोटुकली घेताना दराबरोबरच प्रजनक मासे किती, कोठले आणि केव्हा बदलले, हेही विचारावे. त्याचबरोबर प्रवरा, मुळा, गोदावरी यांतील मूळचे मासेही राखावेत; उद्याच्या निवडीला लागणारे भांडवल त्यांच्यातच आहे.