खड्डा बुजवला म्हणजे बंद झाला काय?

(दासगाव येथील सभेतील भाषण)



डिसेंबर 1927 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून आगबोटीने याच दासगावच्या बंदरात उतरले आणि महाडच्या परिषदेला गेले. पाणी कोणाचे, हा प्रश्न त्या वेळी महाडने देशापुढे मांडला होता. त्याच प्रश्नाच्या आजच्या रूपाविषयी मला बोलावयाचे आहे. महाडच्या औद्योगिक वसाहतीकडून येणारी सावित्री आपल्या दारावरून खाडीला जाते. तेव्हा तिच्या वरच्या अंगाला कोण काय पुरतो, हे विचारण्याचा अधिकार दासगावला आहेच.

रासायनिक कारखान्याचे सांडपाणी शुद्ध केले तरी गाळ मागे उरतो. तो तळोज्यासारख्या सामायिक केंद्राकडे न्यावा लागतो, अथवा रीतसर परवानगीने कारखान्याच्याच आवारातील खड्ड्यात ठेवला जातो. असा खड्डा भरला की मालक म्हणतो, बंद केला. वस्तुतः त्याचे खरे काम तेथून सुरू होते. माथ्यावर चिकणमातीचे व प्लास्टिकचे आच्छादन घालावे लागते, तळाशी साचणारे विषारी पाणी उपसत राहावे लागते आणि खड्ड्याच्या वरच्या व खालच्या अंगाच्या विहिरींचे पाणी तपासत राहावे लागते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शनानुसार ही राखण 30 वर्षे करावयाची असते. 2016 च्या नियमांनी बंद करण्याची आणि नंतरचीही जबाबदारी खड्डा चालवणाऱ्यावर टाकली आहे. कागद उत्तम आहे! पण आपल्याकडचा पाऊस कागद वाचून पडत नाही. जुलै 2005 मध्ये ज्या गावाने डोंगर खाली येताना पाहिला, त्याला मातीच्या आच्छादनाचा भरवसा किती, हे मी सांगावयास नको.

आणि 30 वर्षे मालक तरी राहतो काय? राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावाची हकिगत ऐका. तेथे एच-ॲसिड बनवणारे कारखाने 1989 च्या सुमारास बंद पडले; सुमारे अडीच हजार टन गाळ मागे राहिला आणि विहिरींचे पाणी नासले. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, दूषित करणाऱ्यानेच खर्च सोसावा. तरीही 37 कोटींहून अधिक रक्कम व्याजासह भरा, असे न्यायालयाला 2011 मध्ये पुन्हा बजावावे लागले. कारखाना चार दिवस चालला. गावकरी मात्र बाविसाव्या वर्षीही वाटच पाहत होते.

म्हणून माझे म्हणणे असे, की कारखाना चालू असतानाच, दर टनामागे, राखणीचा पैसा वेगळ्या खात्यात जमा व्हावा. त्या खात्याला मालकाचा हात लागू नये, बँकेची जप्तीही लागू नये. दिवाळखोरीच्या 2016 च्या संहितेत देण्यांचा क्रम लावला आहे. त्यात बँका आहेत, कामगारही आहेत, पण नासलेल्या विहिरीचे नाव नाही. कामगारांची देणी आणि खड्ड्याची राखण यांची परस्परांशी झुंज लावण्याचा डाव मालक खेळतील. कामगार संघटनांनी त्याला बळी पडू नये. गाळ हाताळणारा कामगार आणि विहिरीचे पाणी पिणारा गावकरी पुष्कळदा एकाच घरातला असतो.

खड्डा बंद करण्याचा आराखडा ग्रामसभेपुढे मराठीत यावा आणि पाणी-तपासणीचे आकडे दरवर्षी पंचायतीच्या फळ्यावर लागावेत, एवढा ठराव आपण करू शकतो. मात्र तत्पूर्वी, येत्या एप्रिलमध्ये, पाऊस लागण्याआधी, आपल्या विहिरींचे पाणी एकदा तपासून नोंदवून ठेवा. आज पाणी कसे आहे याचा कागद हाती नसेल, तर उद्या ते बिघडल्याचे सिद्ध करता येणार नाही.