आमच्या नळाचे पाणी कुठून येते?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



बोलायला उभे राहण्यापूर्वी आम्ही इथल्या तांब्यातले घोटभर पाणी प्यायलो. त्या पाण्याविषयीच दोन शब्द बोलायचे आहेत.

पाण्याशी आपले नाते जुने आहे. सिद्धार्थाने घर का सोडले? रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय लढायला उठले, सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला, म्हणून. असे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मांडले. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्यायले. त्यानंतर हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. एका ओंजळीसाठी दहा वर्षे!

पण बंधूंनो, एक कबुली द्यायची आहे. आम्ही गिरणगावातली माणसे. पहाटे नळ आला की पिंप भरायचे आणि पाळीला पळायचे. हे पाणी येते कुठून, हे आम्ही कधी विचारलेच नाही. ते येते तानसाहून, १८९२ सालच्या धरणातून. मोडकसागर १९५७ चे, मध्य वैतरणा २०१४ चे. मुंबईचे निम्म्याच्या आसपास पाणी एकट्या भातसाचे. शहापूर, मोखाडा हा तो मुलूख. वारली, कातकरी, ठाकर, महादेव कोळी यांचा.

मार्च महिन्यात आम्ही चार-पाच कार्यकर्ते शहापूरकडच्या एका पाड्यावर गेलो. वाटेत मुंबईकडे येणारा जाडजूड पाइप दिसला. पाड्यावरची विहीर तळाला गेलेली. पाऊस तिकडे धो-धो पडतो, पण खाली काळा कातळ. पाणी मुरत नाही, वाहून जाते. धरण खाली दरीत, पाडा वर टेकाडावर. पाणी वर चढवायचे तर पंप पाहिजे, वीज पाहिजे, बिल भरणारा पाहिजे. म्हणून बाया ओढ्यात झिरा उकरून वाटीवाटीने हंडा भरत होत्या. एका म्हातारीने विचारले, "तुमच्याकडं नळ कवा येतो?" आम्ही म्हणालो, "पहाटे, आजी." ती म्हणाली, "मंग ते पाणी रातीच आमच्या अंगावरून जात असंल."

आमच्याने पुढे बोलवेना.

आमच्याबरोबर पाणी तपासायची बाटली होती. १९८२ साली आपल्याच देशातल्या शास्त्रज्ञांनी शोधलेली ही सोपी तपासणी आहे. खुणेपर्यंत पाणी भरायचे, उबदार जागी एक-दोन दिवस ठेवायचे. पाणी काळे पडले तर त्यात मैल्याचे जंतू असण्याची शक्यता मोठी. त्या झिऱ्याचे पाणी काळे पडले. हगवण, कावीळ, टायफॉइड इथूनच घरात शिरतात. मग लोक म्हणतात, आदिवासी अडाणी आहेत, पाणी उकळत नाहीत. अहो, दोन कोस चालून आणलेल्या हंड्याला रोज सरपण कोण पुरवणार?

महाडला पाणी होते, पण बंदी होती. इथे बंदी नाही, पण पाणी पुढे निघून जाते. तहान तीच. फरक एवढाच, की महाडला आम्ही तहानलेल्यांत होतो, इथे आम्ही पिणाऱ्यांत आहोत. हे मनाला लागले पाहिजे.

मग करायचे काय? दान नको, बाटलीबंद पाण्याचे फोटो तर नकोच. तीन कामे आहेत. पहिले, पाड्यावरच्या शिकलेल्या मुली-मुलांना ही तपासणी शिकवायची, आणि निकाल ग्रामसभेत त्यांनीच मांडायचा. दुसरे, विहिरीत ब्लिचिंग पावडर मापाने पडते की नुसती वहीत पडते, हे बघायचे. गढूळ पाण्यात तिचा गुण नीट येत नाही. पाणी आधी निवळू द्यावे, गाळावे, पावडर टाकल्यावर अर्धा तास थांबावे. तिसरे आणि मोठे: जलजीवन मिशन २०१९ साली जाहीर झाले, माणशी रोज ५५ लिटर आणि २०२४ पर्यंत घरोघर नळ, असा शब्द होता. मुदत वाढून २०२८ झाली. तो शब्द हातात धरून पाड्याने विचारायचे आणि शेजारी आपण उभे राहायचे. पुढे नाही, शेजारी!

उद्या पहाटे नळ आला की त्या आजीची आठवण ठेवा. एवढेच मागून आमचे भाषण संपवतो.

नमो बुद्धाय! जयभीम!